अमूर्त शिल्पकार : मराठवाडा

माणूस, प्राणी, देव किंवा ओळखीच्या वस्तूचे हुबेहूब रूप न घडवता केवळ घन, पोकळी, पृष्ठभाग, वजन आणि तोल यांतून आकार उभा करणाऱ्या कलावंताला अमूर्त शिल्पकार म्हणतात. ही कला विसाव्या शतकात युरोपातून आली, असे कलेतिहासाची पाठ्यपुस्तके सांगतात. चित्रदालनांपुरते ते खरे आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मात्र चेहरा नसलेला दगड लोक पूर्वापार आदराने पाहत आले आहेत. अमूर्त शिल्पकाराची इथली अडचण लोकांच्या नजरेची फारशी नाही. मागणी कोणाकडून आणि कशासाठी येते, याची आहे.

लातूर, धाराशिव, नांदेड भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या असते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. आत पाच दगड ओळीने मांडून त्यांना चुना आणि काव लावतात. हे पाच पांडव. दगड बांधावरचेच असतात. खाली जरा सपाट, उभा राहील असा उचलायचा, धुवायचा आणि मांडायचा. त्यांना डोळे काढत नाहीत, मिशा काढत नाहीत, कोणता धर्मराज आणि कोणता भीम हेही कोणी विचारत नाही. त्यांच्यापुढे भज्जी, आंबील आणि उंडे ठेवले की पूजा पुरी होते. एरवी ठेचाळणारा दगड मांडणीतल्या जागेमुळे, शेजारच्या दगडापासूनच्या अंतरामुळे आणि रंगाच्या दोन बोटांमुळे वेगळा होतो. अमूर्त शिल्पाच्या वर्गात मांडणी आणि अवकाश शिकवायला याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

देवळांतही हाच धागा दिसतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी दोन पूर्ण पीठे मराठवाड्यात आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. तुळजापूरची भवानी घडीव मूर्ती आहे. ती चल असल्याने मंचकी निद्रेसाठी हलवून पलंगावर ठेवता येते. माहूरची रेणुका शेंदूरचर्चित तांदळ्याच्या रूपात आहे. तिथे हातपाय, कंबर, वाहन काहीही न दाखवता सारा भार मुखावर टाकलेला आहे. ज्या देवतेला घडीव अवयव नाहीत तिचे शिळारूप म्हणजे तांदळा. दगडावर तेलात कालवलेला शेंदूर थरावर थर चढत जातो, कडा बोथट होतात, खळगे भरतात आणि मूळ दगडाहून निराळाच गोलावा तयार होतो. हे शिल्प कोणा एकाने केलेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या हात फिरत राहतात, आणि कधी शेंदराचे कवच निखळलेच तर आकार पुन्हा नव्याने वाढू लागतो. शेताच्या कडेचा म्हसोबा, विहिरीपाशी ओळीने बसलेल्या साती आसरा, परळी, औंढा आणि वेरूळ इथली ज्योतिर्लिंगे याच नजरेत बसतात.

शिल्पकाराच्या चरित्राचा विषय निघाला की मराठवाड्याला वेरूळपाशी थांबावेच लागते. कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले मानले जाते. डोंगराचा कडा वरून खाली कोरत जाऊन सुमारे ३० मीटर उंचीचे मंदिर मोकळे केले गेले. एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून काय काढायचे याचा हिशेब आधी डोक्यात पक्का असावा लागतो. घडवणाऱ्याच्या मनःस्थितीचा एक दुर्मीळ उल्लेखही मागे राहिला आहे. इ.स. ८१२ च्या वडोदरा ताम्रपटात, हे मंदिर आपल्या हातून झालेच कसे, असे खुद्द त्याच्या कर्त्यालाच नवल वाटले, अशा आशयाचा श्लोक आहे. त्यात कर्त्याचे नाव दिलेले नाही. नाव येते ते कितीतरी शतकांनंतर, कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त. शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा पण होता, तेव्हा पैठणच्या कोकसाने शिखरापासूनच काम सुरू केले, अशी ती कथा. हा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. तरीही वरून खाली कोरण्यामागचे कारण सांगताना ती राजाऐवजी कारागिराला मध्यभागी आणते, एवढ्यासाठी तिचे मोल आहे.

मराठवाड्याचा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, बेसाल्ट. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला. संगमरवरासारखा तो छिन्नीला पटकन वश होत नाही. एका घनफुटाचे वजन साधारण ८० किलो भरते, म्हणजे तीन फूट उंच आणि दीड-दीड फूट रुंदीचा ठोकळा साडेपाच क्विंटलच्या आसपास जातो. पाथरवट दगड निवडताना आधी हातोडी मारून कान देतो. खणखणीत वाजला तर दगड पक्का. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे. खाणीत खडीसाठी सुरुंग लावतात त्या धक्क्याने दगडात केसासारख्या चिरा जातात, त्यामुळे खाणीतला मोठा तुकडा बाहेरून कितीही देखणा असला तरी शिल्पाला चालेलच असे नाही. शिवाय लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात आणि त्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरतात. नाकाच्या शेंड्यावर अशी पोकळी आली तर पुतळा वाया जातो. अमूर्त शिल्पकार तीच पोकळी मध्यभागी ठेवून बाकीचा आकार तिच्याभोवती फिरवू शकतो.

दगडाच्या पृष्ठभागाचे ज्ञान इथे वडार आणि पाथरवट समाजांनी जपले. जाते बोथट झाले की त्याला टाकी, म्हणजे दगडावरची छिन्नी, लावावी लागते. दोन्ही तळ्या वेगळ्या करून कारागीर तिरप्या टाकीवर हलके घाव घालत मध्यापासून कडेकडे जातो आणि साऱ्या पृष्ठभागावर सारख्या अंतराचे ठिपके उठतात. घाव खोल गेला तर पिठात कच येते, उथळ राहिला तर दाणा नुसताच घरंगळतो. हाताची ही मोजणी शाळेत शिकवली जात नाही. अर्धा भाग घासून आरशासारखा करायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर टाकीचे ठिपके तसेच ठेवायचे, ही आधुनिक दगडी शिल्पांत वारंवार दिसणारी युक्ती. तिची कलासमीक्षेत वाखाणणी होते; पाट्या-वरवंटे टाकवणाऱ्या बाईचे नाव तिथे कोणी घेत नाही. आता कटर, ग्राइंडर आणि हिऱ्याच्या पात्यांनी काम झपाट्याने होते, पण काळ्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, म्हणून पाणी सोडत कापणे आणि तोंडाला मास्क लावणे याला पर्याय नाही.

आधुनिक अमूर्त शिल्पाशी मराठी जगाचा एक विलक्षण सांधा होळकरांच्या घराण्यातून जुळतो. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (१८७६–१९५७) हा रुमानियातला शेतकऱ्याचा मुलगा. पॅरिसला जाऊन १९०७ मध्ये तो नामवंत फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत लागला आणि मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, असे म्हणत जेमतेम दोन महिन्यांत बाहेर पडला. मातीचा नमुना करून तो कारागिरांकडून दगडात उतरवून घेण्याची तेव्हाची रीत सोडून त्याने थेट दगडावर काम सुरू केले. ‘अवकाशातील पक्षी’ या त्याच्या शिल्पमालेत पंख नाहीत, चोच नाही; वर झेपावणारी एक लांब, मधे फुगीर रेघ तेवढी आहे. यातले एक ब्राँझ १९२६ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला कलाकृती मानायला नकार देऊन धातूच्या मालावरचा ४० टक्के कर लावला. खटला चालला आणि १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. अमूर्त शिल्पाला कलाकृती म्हणून कायद्यात स्थान मिळण्यात हा निकाल मैलाचा दगड ठरला.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच मालेतली तीन शिल्पे घेतली : एक ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या. ती ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि त्या कामासाठी ब्रांकुशी १९३७–३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही. काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. याच घराण्यातल्या अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात वेरूळचे घृष्णेश्वर आणि परळीचे वैजनाथ या मंदिरांचा जीर्णोद्धार केला होता. निराकार लिंगावर मंदिर चढवणारी सून आणि निराकार पक्ष्यासाठी मंदिर बांधू पाहणारा वंशज, यांच्यात जवळपास दीडशे वर्षांचे अंतर आहे. दुसरे मंदिर उभे राहिले असते तर अमूर्त शिल्पाला भारतात राजाश्रयाचा एक पक्का दाखला मिळाला असता. तो हुकला.

पुढचा टप्पा मुंबईत घडला. आदी दावियेरवाला (१९२२–१९७५) औषधनिर्माणाचे शिक्षण घेतलेले, शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे हात बसवून ते लाकूड-दगडाकडून जोडलेल्या धातूकडे गेले. पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) जाहिरातक्षेत्रातून शिल्पाकडे वळल्या. हाजीअलीच्या चौकात उभारलेले ‘स्पार्क’ हे धातूशिल्प त्यांचे. कावसजी जहांगीर सभागृहाचे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतर व्हावे यासाठीही त्यांनी खटपट केली. दोघांनाही जवळ फौंड्री, भंगारबाजार, चित्रदालने आणि घेणारे लोक होते. मराठवाड्यातून येणाऱ्या मुलाला यातले भंगार सहज मिळते, बाकीच्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते.

त्याची वाट साधारण ठरलेली असते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा. मग छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय किंवा थेट मुंबईचे १८५७ साली सुरू झालेले जे. जे. कला महाविद्यालय. काही जण बडोद्याला जातात, जिथे शंखो चौधरी यांनी शिल्पविभागाला वळण दिले. शिकून परत आल्यावर पोट भरते ते पुतळ्यांवर आणि शिकवण्यांवर. गावोगाव छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अहिल्याबाई, महात्मा बसवेश्वर, अण्णा भाऊ साठे यांचे पुतळे हवे असतात. त्यासाठी जागेची कागदपत्रे, स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नमुना पाहायला समितीची मंडळी येतात, तेव्हा चर्चा नाकाची, पगडीची, बोटाच्या दिशेची होते. त्यात वावगे काही नाही. ज्याचा पुतळा त्याची ओळख पटायलाच हवी. पण वर्षाचे दहा महिने ओळख पटवण्यात गेले की उरलेल्या दोन महिन्यांत ओळख पुसणारे काम करणे, हा कसरतीचा भाग आहे. बरेच जण चाळिशीपर्यंत ते सोडून देतात. जे सोडत नाहीत त्यांच्या शेडमध्ये मागच्या भिंतीशी, फायबरच्या साच्यांच्या आड, काळ्या दगडाचे दोन-चार आकार उभे दिसतात. पुतळा ठरवायला आलेला माणूस त्यांना हात लावून बघतो आणि हे कोणत्या देवाचे, असे विचारतो.

दगडाकडे पाहण्याच्या इथल्या वृत्तीत १९९३ ने एक कडू भर घातली. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे वसवलेल्या गावांत अनेकांनी दगडी घर नकोच म्हटले. लातूर–धाराशिवच्या सीमेवरच्या कलावंताने अनघड दगडांची रास मांडली, तर तिथल्या पन्नाशीच्या माणसाला त्यात ‘रचना’ दिसेलच असे धरून चालता येत नाही. अमूर्त आकाराला अर्थ नसतो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आकार पाहणाऱ्याच्या आठवणीतला अर्थ उचलतो आणि शिल्पकाराला तो नाकारता येत नाही.

सार्वजनिक जागी अमूर्त आकार सर्वाधिक खपला तो स्तंभाच्या रूपाने. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले. त्या लढ्याचे स्मृतिस्तंभ मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्तंभापाशी दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाचा मुख्य कार्यक्रम होतो. कोणा एका पुढाऱ्याचा चेहरा न देता अनेकांचे स्मरण ठेवायचे असले की समित्याही आपसूक निराकाराकडे वळतात. ब्रांकुशीने १९३८ मध्ये रुमानियातल्या तर्गू ज्यू इथे पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी २९ मीटरहून उंच ‘अनंत स्तंभ’ उभारला, त्यामागचा विचार फार वेगळा नव्हता. फरक कामात आहे. इकडे स्तंभाचा आराखडा बहुधा बांधकामाच्या अंदाजपत्रकातून निघतो, शिल्पकाराला बोलावलेच तर शेवटी, अक्षरे कोरण्यासाठी.

धातूकडे वळलेल्यांना मात्र मराठवाडा सोयीचा आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळई होते; वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारे, वाकवणारे, आर्गन वायूच्या वेल्डिंगने जोडणारे कसबी हात आहेत. दगडाचे काम एकट्याने रेटता येते, धातूचे काम फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये त्याच्या सवडीने होते. ऑर्डरच्या गर्दीत शिल्प आठवडाभर बाजूला पडते. उलट फॅब्रिकेटर कधी कधी असा सांधा सुचवतो जो शिल्पकाराच्या कागदावर नव्हताच. तयार झालेले काम मुंबईला न्यायचे तर टेम्पोचे भाडे, पेटी, विमा आणि जहांगीर कलादालनाची लांबलचक प्रतीक्षायादी या गोष्टी आड येतात. त्यामुळे बरीच शिल्पे कारखान्यांच्या फाटकाजवळच्या हिरवळीवर, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात आणि एखाद्या हौशी डॉक्टरच्या दवाखान्यासमोर कायमची स्थिरावतात. पाटी असेल तर तिच्यावर बहुतेकदा देणगीदाराचे नाव असते.