पाटेश्वरचा अग्निवृष : ऋचेतून दगडात

सातारा शहराच्या आग्नेयेस, देगावच्या डोंगरावर पाटेश्वर आहे. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर झाडीखेरीज काही नजरेस पडत नाही. चढण संपल्यावर मात्र पुष्करिणी, शिवमंदिर आणि कातळात खोदलेली दालने एकामागून एक उलगडत जातात. १८व्या शतकात साताऱ्याचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांनी येथे मंदिर उभारले. लेण्यांना लोकांनी आपल्या परीने नावे दिली असून त्यांतील एक वऱ्हाडघर, तर दुसरे मरगळ म्हैस म्हणून ओळखले जाते.

या समूहातील सर्वांत चक्रावून टाकणारी मूर्ती अग्निवृषाची आहे. समोरून ती पुरुषाची दिसते आणि मागून बैलाची. मुखे दोन, हात सात, पाय तीन. अशा मूर्तीवर ‘तांत्रिक’ असा शिक्का मारून पुढे जाण्याची आपल्याकडे सवय आहे, पण येथे तो शिक्का उपयोगाचा नाही, कारण या रूपाचा आराखडा ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील ५८व्या सूक्तात, तिसऱ्या ऋचेत शब्दशः सापडतो : ‘चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य’. चार शिंगे, तीन पाय, दोन मस्तके आणि सात हात असलेला, तीन ठिकाणी बांधलेला हा वृषभ डरकाळी फोडतो आणि हा महान देव मर्त्यांमध्ये प्रवेश करतो, असे ऋचा सांगते.

हे कोडे विद्वानांनी आपापल्या शास्त्राप्रमाणे सोडवले. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची उकल करणाऱ्या ग्रंथात, यास्काच्या नावावर असलेल्या अर्थानुसार हा वृषभ म्हणजे यज्ञ होय : चार शिंगे हे चार वेद, तीन पाय ही सोमयागातील तीन सवने (सोमरस काढण्याच्या तीन वेळा) आणि सात हात हे सात छंद. पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात त्याच ऋचेतून व्याकरण काढले. त्याच्या मते नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) ही चार शिंगे, तीन काळ हे पाय, सात विभक्ती हे हात, आणि वृषभ बांधला आहे तो छाती, कंठ व मस्तक या तीन ठिकाणी, म्हणजे जेथून शब्द उमटतो तेथे. वेदांचा भाष्यकार सायण याने अग्नी आणि सूर्य या दोन्ही अर्थांना जागा दिली. भाष्यकारांना वृषभाच्या अवयवांमागचा अर्थ हवा होता. शिल्पकाराने ते अवयवच घडवले. पुरुष आणि बैल यांना एका देहात जोडण्याची युक्ती, मला वाटते, ‘मर्त्यांमध्ये प्रवेश’ या शेवटच्या चरणातूनच त्याला सुचली असावी.

पाटेश्वरची शिवलिंगेही याच वृत्तीची आहेत. त्यांची संख्या शेकड्यांत जाते आणि साचा बदलत राहतो : एका शाळुंकेवर अनेक लिंगे, कुठे लिंगावर मुखे, कुठे अंगभर कोरलेली बारीक लिंगे.

याच जिल्ह्यात लिंब गावची बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत वीरूबाई भोसले यांनी बांधवली. पाटेश्वर डोंगरमाथ्यावर दडले आहे, तर ही विहीर जमिनीच्या पोटात. तिच्या भिंतींवरील शरभही असाच ग्रंथातून, पण पुराणातून, आला आहे, नृसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेले ते रूप. मोटा चालत त्या काळी खाली पाणी, मध्ये महाल आणि वर बैलांची धाव असे.