ऑर्कनी-शेटलंड: न सुटलेलं गहाण

2023 च्या जुलैमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांच्या स्थानिक परिषदेने कारभाराचे वेगळे पर्याय तपासायचा ठराव केला आणि ‘ऑर्कनी नॉर्वेत जाणार’ अशा बातम्या झळकल्या. तसं काही ठरलं नव्हतं. पण ऑर्कनी आणि त्यापलीकडची शेटलंड ही बेटं एके काळी नॉर्वेची होती हे खरं. ती ना लढाईत गेली, ना विकली गेली. राजकन्येच्या हुंड्यापायी गहाण पडली.

पश्चिमेकडची हेब्रिडीज बेटं नॉर्वेच्या हातून त्याआधीच निसटली होती. 1263 मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन आरमार घेऊन आला, लार्ग्जच्या किनाऱ्यावर चकमक झाली, निकाल धड लागला नाही. परतताना तो ऑर्कनीतल्या कर्कवॉलला थांबला आणि तिथेच वारला. 1266 च्या पर्थच्या तहाने हेब्रिडीज स्कॉटलंडला मिळाली. बदल्यात 4,000 मार्क आणि शिवाय दरसाल 100 मार्क द्यायचे ठरले. हे दरसालचे 100 मार्क स्कॉटलंडने पुढे थकवले. थकबाकीचं भांडण इतकं चिघळलं की शेवटी सोयरीक करूनच ते मिटवायचं ठरलं.

तोवर नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली आलं होतं. हा राजा, ख्रिश्चन पहिला, कायम कर्जात. त्याची मुलगी मार्गारेट जेमतेम बारा वर्षांची. नवरदेव स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स, तोही विशीच्या आतला. 8 सप्टेंबर 1468 ला कोपनहेगनमध्ये करार झाला: जुनी थकबाकी माफ, वर हुंडा 60,000 फ्लोरिन. त्यातले 10,000 मुलगी निघण्याआधी रोख, उरलेल्या 50,000 साठी ऑर्कनी तारण. पण रोखीचेही 2,000 च जमले. मग 28 मे 1469 ला उरलेल्या 8,000 साठी शेटलंडही तारण लिहून दिलं गेलं. (म्हणजे पैसे थकवले स्कॉटलंडने आणि जमीन गेली नॉर्वेची!) जुलैत एडिंबराला लग्न लागलं.

कागदावर हे गहाणच होतं, रक्कम फेडली की बेटं परत. जेम्सने मात्र कब्जा पक्का करायला वेळ लावला नाही. ऑर्कनीचे सरदार सिंक्लेअर घराण्याचे, म्हणजे मुळात स्कॉटिश. 1379 पासून नॉर्वेच्या राजाच्या वतीने ते बेटं सांभाळत. 1470 मध्ये जेम्सने विल्यम सिंक्लेअरला फाइफमधला रेव्हन्सक्रेग किल्ला देऊन त्याचे ऑर्कनीतले हक्क घेतले आणि 1472 मध्ये स्कॉटिश संसदेने दोन्ही बेटसमूह राजाच्या मुलखाला जोडून टाकले. त्याच वर्षी तिथलं चर्चही नॉर्वेतल्या निडारोसच्या आर्चबिशपकडून स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजकडे गेलं. माझ्या मते खरं हस्तांतर या चार वर्षांत झालं, लग्नाच्या करारात नव्हे.

पुढची दोनशे वर्षं डेन्मार्क अधूनमधून रक्कम देऊन बेटं सोडवायची गोष्ट काढत राहिला आणि समोरून टाळाटाळ होत राहिली. 1667 मध्ये हॉलंडमधल्या ब्रेडा शहरात झालेल्या तहाच्या वाटाघाटींतही हा विषय निघाला. तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स होता, ज्याला पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली तोच. एका हुंड्याचं बेट त्याने वर्षभरात कंपनीला सालाना 10 पौंडांवर देऊन टाकलं. दुसऱ्या हुंड्याची बेटं मात्र सुटली नाहीत.

लोकांची नॉर्न ही जुन्या नॉर्वेजियन वळणाची भाषा हळूहळू विरत गेली. टिकला तो जमिनीचा जुना नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडचा कायदा, ‘उडल’. स्कॉटलंडमध्ये भरती-ओहोटीच्या मधली किनारपट्टी सहसा राजाची असते. उडल जमिनीची हद्द मात्र ओहोटीच्या शेवटच्या रेषेपर्यंत धरतात.

या कायद्याची खरी कसोटी लागली ती शेटलंडच्या सेंट निनियन्स बेटावर. 1958 मध्ये अॅबर्डीन विद्यापीठाच्या उत्खननात जुन्या चर्चच्या जागी, क्रूस कोरलेल्या दगडाखाली 28 चांदीच्या वस्तू सापडल्या: वाडगे, कपड्यांना लावायच्या पिना, तलवारीच्या मुठीचा भाग. इथे उडल कायदा चालतो, तेव्हा बेवारस धनावर राजाचा आपोआप हक्क नाही, असं विद्यापीठ आणि जमीनमालकाचं म्हणणं होतं. 1963 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. चांदी राजसत्तेची ठरली आणि एडिंबराच्या संग्रहालयात गेली.