1905 चं प्लेबॅक आणि हवेवर चालणारा ॲम्प्लिफायर

सिनेमा 1927 ला बोलायला लागला, हे इतक्यांदा वाचलंय की आता चिडचिड होते. मग ॲलिस गी काय करत होती? पॅरिसच्या गोमाँ कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागलेली ही बाई 1896 पासून फिल्म्स करत होती आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिने शंभरावर 'फोनोसीन' केले, म्हणजे तीन-चार मिनिटांची गाण्याची फिल्म आणि सोबत तबकडी. (तिला सगळ्यातच 'जगात पहिली' ठरवणाऱ्या पोस्टही फिरतात, त्याची काही गरज नाही, एडिसनकडे असे प्रयोग आधीच झाले होते.)

तेव्हा रेकॉर्डिंगला माईक नव्हता, गायकाला भोंग्यात तोंड घालूनच गावं लागायचं, मग शूटिंग कसं करणार? म्हणून गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि नंतर तबकडी लावून ओठ हलवायचे. चक्क प्लेबॅक! आपल्याकडे ते 1935 ला 'धूप छाँव'मध्ये आलं. 1905 ची एक क्लिप आहे, बाई सेटवर फोनोसीनचं शूटिंग करून घेतायत, समोर कलाकार, बाजूला ग्रामोफोन, आणि ती क्लिप मात्र मूक.

पण मला आवडतो तो आवाज मोठा करायचा जुगाड. व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर अजून यायचे होते, नुसत्या सुईच्या थरथरीने थिएटर काय भरणार? तर गोमाँने कॉम्प्रेस्ड हवा वापरली. सुई फक्त एक बारीक झडप हलवते, हवेचा झोत त्या तालावर कमीजास्त होतो आणि तो भोंग्यातून बाहेर पडतो. नळाची तोटी फिरवायला जोर लागत नाही, पाण्याचा जोर टाकीतून येतो, तसंच. ट्रान्झिस्टरमध्येही तत्त्व हेच, छोटा सिग्नल मोठ्या पॉवरवर हुकूम चालवतो, फक्त हवेऐवजी करंट.

आता सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं. प्रोजेक्टर आणि ग्रामोफोनच्या मोटर वायरने जोडलेल्या, कंट्रोल ऑपरेटरच्या हातात. पण भोंगा पडद्याजवळ असेल तर 34 मीटरवरच्या शेवटच्या रांगेत आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिराच पोचणार, सेकंदाला 16 फ्रेम्सच्या वेगाने दीड फ्रेमहून जास्त, म्हणजे पुढच्यांना जुळलं तरी मागच्यांना नाही! त्यात फिल्म तुटली आणि जोडताना आठ फ्रेम्स गेल्या की गाणं थेट अर्धा सेकंद मागे, तबकडीतून तेवढा तुकडा थोडाच कापता येतो.