अंबाझरीच्या काठावरचे चतुर

नागपूरच्या अंबाझरी तलावावर दुर्बीण घेऊन येणाऱ्यांची नजर साहजिकच वारकरी (कूट) पक्ष्यांकडे आणि हळदीकुंकू बदकांकडे जाते. परंतु पावसाळा ओसरत असताना काठावरच्या गवतात वाकून पाहिले, तर काड्यांना चिकटलेल्या, पाठ उललेल्या तपकिरी काती दिसतात. त्या चतुर (ड्रॅगनफ्लाय) या कीटकाच्या असतात. चतुराची अळी पाण्याखाली वाढते, खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या आणि बेडकांची पिल्लेही पकडते, आणि संकट आले की शरीराच्या मागच्या टोकातून पाण्याची चिळकांडी सोडून पुढे निसटते. वाढ पूर्ण झाली की ती काडीवर चढून कात टाकते आणि पंखांचा चतुर बाहेर पडतो.

हा पट्टीचा शिकारी स्वतः वेडा राघू या लहान हिरव्या पक्ष्याचे आवडते खाद्य आहे. तारेवर बसलेला राघू झेप घेऊन त्याला हवेतच पकडतो, पुन्हा त्याच जागी येतो आणि तारेवर आपटून मारतो. चोचीत मधमाशी किंवा गांधीलमाशी असेल, तर मात्र तो तिचा पार्श्वभाग तारेवर घासून काटा आणि विष काढून टाकतो; त्यामुळे भक्ष्य नीट दिसले नाही तरी आपटणे आणि घासणे यांवरून बराच अंदाज बांधता येतो.

चतुर दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, असे मात्र समजू नये. पंखांवर नारिंगी पट्टे असलेला ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा चतुर सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही सुखाने वाढतो. काठावर बहुतांश तोच दिसत असेल, तर ते शंकेचे कारण मानावे.

पावसाळ्यात मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर पँटाला फ्लॅवेसेन्स याहून वेगळा आहे. त्याची अळी तात्पुरत्या डबक्यातही दीडदोन महिन्यांत वाढून मोकळी होते. हे चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये मोठ्या संख्येने उतरतात, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी नोंदवले होते, आणि ते भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे त्यांनी 2009 मध्ये मांडले. साधारण त्याच हंगामात, ईशान्य भारतात थांबून आलेले अमूर ससाणेही अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. उपग्रह-टॅग लावलेले काही ससाणे महाराष्ट्रावरून गेल्याची नोंद आहे. समुद्रावरच्या त्या उड्डाणात ते याच चतुरांवर गुजराण करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.