खळ्यापासून खुल्या व्यायामशाळेपर्यंत

ग्रामसभेत मैदानाचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. पोरं म्हणतात, खेळायला जागा द्या. कुणीतरी विचारतं, जागा आहे कुठं? गायरानावर अतिक्रमणं झालीत, शाळेचं अंगण लहान, गावठाण भरून गेलेलं. मग निधीचं बोलणं निघतं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे असंच घडतं, आणि त्याचा दोष एखाद्या सरपंचाच्या माथी मारून भागत नाही. गावातल्या विरंगुळ्याच्या जागांना आपल्याकडे स्वतःचा गट नंबर क्वचितच मिळाला. त्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

जुन्या गावात खेळायची, बसायची, बोलायची जागा वेगळी काढलेली नसे. ती दुसऱ्या कुठल्यातरी कामाच्या जागेत सामावलेली असे. चावडी साऱ्याच्या हिशेबासाठी, पण संध्याकाळी तिच्याच ओट्यावर गप्पा रंगत. देवळाचा सभामंडप कीर्तनाचा, पण भर दुपारी वाटसरू तिथेच पाठ टेके. पिंपळाच्या पारावर गावकीचे निवाडे होत आणि तिथेच म्हातारी माणसं दिवस काढत. यातली सगळ्यांत विसरली गेलेली जागा म्हणजे खळं. सुगीच्या तोंडावर जमीन चोपून घट्ट करायची, खडा न् खडा वेचायचा, शेणाने सारवायची, मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, रोवायचा आणि त्याभोवती बैलांची पात धरायची. मळणी उरकून रास घरी गेली की ती सपाट, कठीण जमीन पोरांच्या हाती लागे. हुतूतूची रेघ मारायला याहून चांगली जागा दुसरी नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये गावासाठी राखून ठेवायच्या जमिनींची यादी आहे. गुरचरण, स्मशान, गावठाण, बाजार यांच्या जोडीला त्यात खळ्याचाही उल्लेख आहे. कायदा १९६६ चा. त्यानंतर मळणी यंत्रं आली, मळणी शेतातच होऊ लागली आणि खळी मोडली. पोरांचं मैदान गेलं, पण ते कागदावर मैदान म्हणून कधी नव्हतंच, त्यामुळे गेल्याचीही नोंद कुठे झाली नाही.

बायकांच्या बाबतीत असंच पाणवठ्याचं झालं. विहिरीचा काठ, नदीचा घाट ही कष्टाची जागा होती, डोक्यावर हंडे घेऊन चढण चढायची. पण सासुरवाशिणीला मोकळं बोलायला मिळायचं तेही तिथेच. नळ दारात आला, कष्ट वाचले, फार चांगलं झालं. मात्र बायकांनी चारचौघींत बसायचं कुठे, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही आला नाही. आज बचत गटाची बैठक कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर अंगणवाडीच्या खोलीत होते, त्याचं कारण हेच.

तालमीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती खास व्यायामासाठीच बांधलेली जागा. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या पट्ट्यात, गावोगाव तालमी उभ्या राहिल्या त्यामागे शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय होता. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झालं आणि गावाकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे ते स्वप्नासारखं राहिलं. गावची तालीम मात्र अगदी साधी. कौलारू खोली, हनुमानाची मूर्ती, आणि मध्ये हौदा. हौद्यातली तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, आणि रोज पहाटे ती खणून हलवावी लागते. नाहीतर माती दगडासारखी होते. हे काम पोरंच करत, पण ते करून घ्यायला वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा गुरू, असे. माझ्या मते तालीम टिकली ती या वस्तादामुळे. इमारतीला किल्ली लावणारा आणि पहाटे ती उघडणारा माणूस ठरलेला होता. पुढच्या काळातल्या किती सोयी या एका गोष्टीअभावी बुडाल्या, ते ओघात येईलच.

या जुन्या गावाबद्दल हळवेपणाने बोलताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. पार, चावडी, पाणवठा, देऊळ या जागा सगळ्यांच्या नव्हत्या. गावकुसाबाहेरच्या माणसाला पारावर बसता येत नसे, विहिरीवर हात लावता येत नसे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असं त्यात म्हटलं होतं. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली, तिच्यामागे हा सगळा अनुभव होता. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. गावातल्या सार्वजनिक सोयींचा खरा पाया हा अनुच्छेद आहे असं मी मानतो. त्याआधी गावात जागा होत्या, पण त्या शब्दाच्या खऱ्या अर्थाने सार्वजनिक नव्हत्या. पुढे वस्त्यावस्त्यांत उभी राहिलेली समाजमंदिरं याच इतिहासातून आली. ज्यांना पार नाकारला गेला त्यांना हक्काचं छप्पर मिळालं. त्याच वेळी गावाची एकत्र बसायची जागा मात्र अनेक ठिकाणी झालीच नाही, ही खंतही आहे.

खेड्याला करमणुकीची जागा हवी, हे स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत गांधीजी होते. २६ जुलै १९४२ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी ग्रामस्वराज्याचं चित्र रेखाटलं. त्यात अन्नधान्य आणि कापसापाठोपाठ गुरांसाठी राखीव जमीन आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी खेळाचं मैदान येतं. गावाचं स्वतःचं नाट्यगृह, शाळा आणि सभागृह असावं, असंही ते म्हणतात. नगदी पिकांचा क्रम त्यांनी मैदानानंतर लावला होता, हे आज मुद्दाम वाचून पाहावं.

वाचनालयांचा प्रवास याहून आधी सुरू झाला. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. पण ती शहरांची गोष्ट होती. खेड्यापर्यंत पुस्तक नेण्याचं काम पद्धतशीरपणे केलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, आणि ते स्वतः मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावातून दत्तक गेलेले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, फिरती वाचनालयं सुरू केली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव पाठवत. गावाने लोकवर्गणी जमवली की तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा त्यांचा हिशेब होता. गावाचे पैसे आधी पडले की वाचनालय गावाचं होतं, ही जाण त्या हिशेबात आहे. कोल्हापूर संस्थाननेही १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, लागू झाला १ मे १९६८ पासून. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर ठेवला नाही. संस्थांनी वाचनालय चालवायचं आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यायचं, अशी रचना झाली. लहान गावांतली वाचनालयं प्रामुख्याने खालच्या वर्गांत राहिली. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दोन तास कुलूप उघडणारा ग्रंथपाल, एक टेबल, दोन बाकडी आणि वर्तमानपत्रं, एवढ्यावर ती चालली. त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या गावाकडच्या कितीतरी मुलामुलींनी पहिला अभ्यास याच बाकड्यांवर केला.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक सुंदर प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ ऐकणारे शेतकरी गट बनवले. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे, गट एकत्र बसून ऐके, नंतर चर्चा करी आणि प्रश्न केंद्राकडे पाठवी. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं येत. विरंगुळा आणि विकास एकाच सतरंजीवर बसवणारा असा दुसरा प्रयोग मला आठवत नाही. पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर आणि मग टीव्ही आला, आणि एकत्र ऐकणं संपलं.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीच्या कर्तव्यांची लांबलचक सूची दिली. शाळांसाठी क्रीडांगणं, वाचनालयं या गोष्टी तिच्यात आहेत. पण पंचायतीचं उत्पन्न घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि थोडंफार इकडचं तिकडचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पैशाची वाट आणखी वरून खाली अशी झाली. वर्षाला जे हाती येई ते रस्ता, पाणी, शाळाखोली यांत संपे. खेळ शेवटी, नेहमीच.

यातला कळीचा क्षण मात्र १९९२-९३ चा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना अकरावी अनुसूची मिळाली, २९ विषयांची. त्याच सुमारास ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना बारावी अनुसूची मिळाली, १८ विषयांची. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बाराव्या अनुसूचीत बारावी नोंद आहे: उद्यानं, बागा, क्रीडांगणं यांसारख्या नागरी सुखसोयींची तरतूद. अकराव्या अनुसूचीत ग्रंथालयं आहेत, सांस्कृतिक कार्य आहे, बाजार आणि जत्रा आहेत, सामूहिक मालमत्तेची देखभाल आहे. क्रीडांगण हा शब्द नाही, बाग नाही. शहरातल्या मुलाला मैदान आखून द्यावं लागतं आणि खेड्यातल्या मुलाला ते आपोआप मिळतं, अशी समजूत त्या दोन याद्यांत मला दिसते. खळी मोडून गेली होती, गायरानं आक्रसत होती, आणि तरीही ही समजूत टिकून होती.

त्या उणिवेवर नंतर योजनांची ठिगळं लागली. १९९३ च्या डिसेंबरात खासदार निधी सुरू झाला. आमदार निधीही होताच. त्यांतून सभामंडप, समाजमंदिरं, वाचनालयाच्या खोल्या उभ्या राहिल्या. इमारतीचं उद्घाटन करता येतं, देखभालीचं नाही, म्हणून पैसा बांधकामाकडे वळला. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणाने तालुका क्रीडा संकुलाची कल्पना पुढे आणली, पण तालुक्याचं संकुल वीस किलोमीटरवरच्या वाडीतल्या मुलीला काय उपयोगाचं? २००८-०९ मध्ये केंद्राची 'पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान' ही योजना आली, आणि ती थेट ग्रामपंचायतीपर्यंत पोचणारी होती. मैदानासाठी साधारण १ लाख रुपयांचं अनुदान आणि त्याबरोबर 'क्रीडाश्री' नावाचा गावचा स्वयंसेवक. कल्पना अचूक होती, वस्तादाची जागा पुन्हा भरण्याची. काही वर्षांत योजनेचं नाव बदललं, मग ती 'खेलो इंडिया'त विलीन झाली आणि गावपातळीवरचा तो माणूस मागे पडला. त्यानंतरचा काळ खुल्या व्यायामशाळांचा. पिवळ्या-निळ्या रंगाची लोखंडी साधनं आता गावोगाव दिसतात. जिथे आजूबाजूला बाक, दिवा आणि सावली आहे तिथे संध्याकाळी बायकाही येतात, हे मी पाहिलंय. जिथे ती स्मशानाच्या वाटेवर रिकामी जागा दिसली म्हणून बसवली, तिथे दोन पावसाळ्यांत गंज चढला.

पैशाची वाट अलीकडे थोडी मोकळी झाली आहे. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, अनुदान थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागलं आणि गावाने स्वतः आराखडा करायचा, अशी पद्धत आली. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेल्या ४० टक्क्यांत गटार, दिवे, रस्त्याची डागडुजी आणि मैदान यांची स्पर्धा असते. रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही क्रीडांगण तयार करण्याचं काम आलं, म्हणजे सपाटीकरणाची मजुरी तरी सुटू शकली. जमिनीचं कोडं मात्र अवघड होत गेलं. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. निकाल गावाच्या बाजूचा होता. पण गायरानाचा वापर बदलण्यावरही त्यानंतर निर्बंध कडक झाले, त्यामुळे गायरानाचा तुकडा मैदानासाठी मागणाऱ्या पंचायतीलाही जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात तिष्ठावं लागतं.

नवी इमारत न बांधता काय करता येतं, ते भिलारने दाखवलं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली, आणि त्यांतली बरीच ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं. कपाटं आणि पुस्तकं सरकारची, पण दार उघडणारी माणसं त्या त्या घरातली.

मैदानाच्या बाबतीत बहुतेक गावांकडे आज कायद्याने पक्की अशी एकच जागा आहे, शाळेचं पटांगण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असणं बंधनकारक केलं. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, तेवढी जागा लहान शाळेतही निघते. संध्याकाळी पाचनंतर त्या फाटकाला कुलूप लागतं आणि पोरं डांबरी रस्त्यावर चेंडू टोलवत उभी राहतात. मुली तर घरीच. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी एका ठरावात फाटक उघडण्याची वेळ, दिव्याचं बिल कोण भरणार आणि किल्ली कुणाच्या घरी राहणार, एवढं लिहून घेतलं तर त्याला ना नवी जमीन लागते, ना मोठा निधी. येत्या ग्रामसभेत मैदानाचा विषय निघेल तेव्हा सुरुवात त्या किल्लीपासून व्हावी.