दाहजन्य संधिवात आणि हृदय

दाहजन्य संधिवात आणि हृदय : शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे सांधे सुजवणाऱ्या दीर्घकालीन विकारांचा हृदयावर व रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, सोरायसिससोबतचा संधिवात आणि कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे त्यांतले मुख्य. बोलीत ‘वात’ म्हटले की वयोमानाने झिजलेला गुडघाही त्यात येतो आणि लहानपणी झडपा खराब करणारा संधिज्वरही. ते विकार वेगळे.

आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. सांध्याचे अस्तर सुजवणारी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ ही द्रव्ये रक्तातून सगळीकडे फिरतात, रोहिण्यांचे आतले अस्तर बिघडवतात आणि तिथे साचलेला चरबीचा थर फुटण्याजोगा करतात. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट इथे चकवतो. दाह भडकलेला असताना एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल कमी दिसते, औषध लागू पडले की वाढते. टूडी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचेही तसेच. ‘ईएफ ६० टक्के’ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) वाचून घरचे निर्धास्त होतात. पण या रुग्णांत बऱ्याचदा आधी बिघडते ते दोन ठोक्यांमध्ये रक्त भरून घेताना हृदयाचे सैल पडणे, आणि ते या आकड्यात दिसत नाही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सकाळी बोटे आखडून कात्री मिटत नाही, ही तक्रार बाई लगेच सांगते. दम लागल्याचे सांगत नाही, कारण तो लागण्याची वेळच येत नाही. वणीच्या गडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या गुडघ्यांपायी केव्हाच सुटलेल्या, २०१८ पासून ट्रॉली आहेच. छातीत कळ न येता होणारा हार्ट अटॅक आमवाताच्या रुग्णांत जास्त आढळतो. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर येते. मिश्रीचे वेगळे विचारावे लागते.

स्पाँडिलायटिसमध्ये काहींची महारोहिणीची झडप गळते, क्वचित हृदयाचे विद्युतवहन अडून पेसमेकर लागतो.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते (रोज घेतल्यास जिवावर बेतते). ते घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयाच्या तक्रारी कमी आढळल्या आहेत. टीएनएफरोधक इंजेक्शने तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये टाळतात. टोफासिटिनिब या आमवातावरच्या गोळीबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनंतर पन्नाशीपुढच्या, हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांत सावधगिरी आली. खरी काळजी मात्र मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची आणि वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या स्टेरॉइडची. बिनलेबलच्या ‘वाताच्या पुडी’तही स्टेरॉइड सापडलेले आहे.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशीनुसार वय, रक्तदाब वगैरेंवरून हृदयविकाराचा धोका काढायच्या नेहमीच्या तक्त्यातून निघालेला आकडा आमवातात १.५ ने गुणावा, ही तपासणी किमान दर पाच वर्षांनी आणि उपचारांत मोठा बदल झाल्यावर पुन्हा करावी. लिपिडसाठी रक्त द्यायचे ते सांधे शांत असताना.