डेडव्लेची झाडं दगड झालेली नाहीत

नामिबिया फिरून आलेली मंडळी तिथल्या वाळवंटातल्या डेडव्ले या कोरड्या तळ्याचा फोटो टाकतातच: पांढरी भेगाळलेली जमीन, मागे वाळूच्या केशरी टेकड्या, मधे काळी निष्पर्ण झाडं. खाली ओळही ठरलेली, 'दगड झालेलं जंगल'. साफ चूक! ते लाकूडच आहे, बाभळीच्या जातकुळीतलं. त्साउचाब नदीच्या पुराचं पाणी इथे साचायचं, त्यावर ती वाढली. पुढे हवामान कोरडं पडलं, टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि साधारण ६००-७०० वर्षांपूर्वी झाडं मेली. कुजायलाही ओल लागते. ती इथे नाहीच. उन्हाने झाडं करपून काळी पडली, एवढंच. तेव्हा सेल्फीसाठी फांदीला लोंबकळू नका, मोडेल. खरे दगडी ओंडके बघायचे तर उत्तरेला खोरिक्सासच्या बाजूला जा. ते कोट्यवधी वर्षांचे, आणि आडवे पडलेले.